हात लावा, वावर लावू नका

(पिंपळगाव राजा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मागे दाराशी उभ्या असलेल्या पोरांनो,

तुम्ही पोरं आधी पुढे येऊन बसा. सतरंजीवर जागा आहे. आजचा विषय तुमच्यासाठी ठेवलाय आणि तुम्हीच दाराबाहेर, असं चालायचं नाही.

विषय मोठा भारदस्त आहे: जागतिक तेल आणि वायू उद्योगातल्या नोकऱ्या आणि गुंतवणूक. पत्रिका वाटल्यावर काही जणांनी कार्यकर्त्यांना विचारलं म्हणे, की आपल्या गावचा अन् तेलविहिरीचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कपाशीला, मक्याला युरिया टाकता ना? कृषी केंद्रातून 'उज्ज्वला' नावाचं पोतं कित्येकदा आणलं असेल. ते आरसीएफचं, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचं. त्यांचा एक कारखाना मुंबईत ट्रॉम्बेला आहे आणि दुसरा, मोठा, अलिबागजवळ थळला. थळचा कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला. तो समुद्राकाठी का बांधला? युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी नैसर्गिक गॅस. तो गॅस मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, बॉम्बे हायला, म्हणजे आताच्या मुंबई हायला, सापडला होता. पाइपातून तो किनाऱ्यावर आला, त्याचा युरिया झाला, रेल्वेच्या वॅगनमध्ये चढला आणि तुमच्या बांधावर उतरला. तेल-गॅस आपल्या वावरात चाळीस वर्षांपासून आहे, राजेहो. आपण त्याचे गिऱ्हाईक आहोत, एवढंच. आता मजूर म्हणून, कारागीर म्हणून, इंजिनियर म्हणून किंवा भागधारक म्हणून त्यात शिरायचं का, आणि शिरायचं तर कसं, एवढाच आजचा मुद्दा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शेवटची एसटी गाठायची असेल तर गाठता येईल. या धंद्यात आपले हात लावा. आपलं वावर लावू नका. आता ज्यांना थांबायचं आहे त्यांनी कारणं ऐका.

हा धंदा महाराष्ट्रात आला कसा, ते थोडक्यात बघू. स्वातंत्र्यानंतर मुंबईत ट्रॉम्बे-माहुलला दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, १९५४ आणि १९५५ साली. दोन्ही परदेशी कंपन्यांच्या. एक आज हिंदुस्तान पेट्रोलियम म्हणून ओळखली जाते, दुसरी भारत पेट्रोलियम. पण गाळायचं तेल बाहेरचं. देशात तेल शोधायला १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आपलं ओएनजीसी, स्थापन झालं. खंबातजवळ तेल लागलं, अंकलेश्वरला लागलं. मग १९६३-६४ च्या सुमारास एका रशियन जहाजाने खंबातच्या आखाताच्या बाहेर समुद्राच्या तळाची पाहणी केली आणि खाली एक मोठा उंचवटा असल्याचं दिसलं. उंचवटा म्हणजे तेल असं नाही. तिथं भोक पाडून बघावं लागतं, आणि समुद्रात भोक पाडायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं. ते जपानमधून बांधून आणलं. त्याचं नाव सागर सम्राट.

१९ फेब्रुवारी १९७४. त्या दिवशी तेल लागलं. त्या तारखेचं मोल कळायला जरा मागचे चार महिने आठवा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल अडवलं आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव चार महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. आपल्या तिजोरीत परकीय चलन नाही, आणि नेमक्या त्याच वेळी मुंबईच्या समुद्रात तेल! २१ मे १९७६ ला प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. १९८५ च्या सुमारास देशाच्या गरजेतलं जवळपास दोन तृतीयांश तेल देशातच निघत होतं आणि त्यातला मोठा वाटा या एका क्षेत्राचा होता. आज? आज ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. क्षेत्र म्हातारं झालं आणि आपली भूक वाढली. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने त्याच जुन्या क्षेत्रातून जास्त तेल कसं काढायचं हे सांगायला ब्रिटनच्या बीपी कंपनीला बोलावलं. मुंबईची विहीर, सल्ला लंडनचा. जागतिक उद्योग म्हणतात तो हाच.

आता नोकऱ्यांकडे येऊ. तेलाची नोकरी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर येतं, आणि बापाच्या डोळ्यांसमोर दुबईचा पैसा. दोन्ही खरं आहे, पण अर्धं खरं. समुद्रातल्या रिगवर बारा-बारा तासांची पाळी असते. साधारण चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी. परदेशी कंपन्यांत हेच चक्र अठ्ठावीस दिवसांचं. सगळ्यांत खाली रौस्टअबाउट, म्हणजे डेकवरचा हरकाम्या. त्यावर फ्लोअरमन, त्यावर डेरिकमन, मग ड्रिलर, मग टूलपुशर. ही शिडी हाताने चढायची असते, पदवीने नाही. दहावी-आयटीआयवाला माणूस पंधरा-वीस वर्षांत ड्रिलर झालेला आणि बीई झालेला साहेब त्याला विचारून निर्णय घेतोय, हे मी पाहिलेलं आहे. या धंद्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली विचाराल तर हीच.

पण खरं सांगू का, विदर्भातल्या पोराला सगळ्यांत जवळची वाट रिगवरून जात नाही. ती जाते पाइपाच्या जोडावरून.

रिफायनरी म्हणजे काय? पाइप. मैलोन् मैल पाइप, आणि प्रत्येक पाइपाला जोड. त्या जोडासाठी एक परीक्षा असते, तिला सगळ्या साइटवर 'सिक्सजी' म्हणतात. पाइपाचे दोन तुकडे, कडा तिरप्या घासलेल्या, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, आणि सगळं पंचेचाळीस अंशांत तिरपं करून घट्ट बांधलेलं. पाइप हलत नाही, त्याच्याभोवती वेल्डर फिरतो. वरून, बाजूने, खालून, मान वाकडी करून, कधी जमिनीवर पाठ टेकून. पहिला थर, ज्याला रूट म्हणतात, तो आर्गनने. त्यावर इलेक्ट्रोडने भरण. शेवटी वरची कॅप. मग जोडाचा एक्स-रे काढतात. आत सुईच्या टोकाएवढे पोकळ ठिपके दाटून दिसले, किंवा रूट एखाद्या ठिकाणी बसली नाही, की नापास. तिथं वशिला चालत नाही. एक्स-रेच्या फिल्मला तुमची जात, आडनाव, आमदार काही कळत नाही. पास झालात तर तुमच्या नावाचा नंबर, आणि पुढे तुम्ही केलेल्या प्रत्येक जोडाशेजारी तो नंबर लिहिला जातो. जोड फुटला तर कुणाचा, ते कळतं. जामनगरला हीच परीक्षा, जुबेलला हीच, कतारच्या रास लफानला हीच. खामगावच्या आयटीआयतून निघालेला वेल्डर आणि फिलिपिन्सचा वेल्डर एकाच रांगेत उभे असतात.

शिवाय दर काही वर्षांनी रिफायनरी दुरुस्तीसाठी थांबवतात. त्याला 'शटडाऊन' म्हणतात. त्या तीन-चार आठवड्यांत हजारो माणसं लागतात: फिटर, रिगर, मचाण बांधणारे, ग्राइंडरवाले, सुरक्षेवाले. काम तात्पुरतं, पण शिकायला याच्यासारखी शाळा नाही. एक शटडाऊन केलेला पोरगा दुसऱ्यात फोरमनच्या लक्षात राहतो.

ज्यांना इंजिनियरिंग करायचंय त्यांना एक वाकडं वाटेल असं सांगतो. नुसत्या पेट्रोलियम इंजिनियरिंगच्या पदवीमागे धावू नका. धनबादला, अमेठीजवळच्या जायसला, गांधीनगरला, पुण्यालाही ती मिळते आणि हुशार पोरं तिथं जातात. पण २०१४ साली शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तीसच्या खाली गेला, तेव्हा जगभर सगळ्यांत आधी त्यांच्याच भरत्या थांबल्या. त्यापेक्षा मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन घ्या. आपल्या शेजारी शेगावला संत गजानन महाराज कॉलेज १९८३ पासून आहे. नागपूरची एलआयटी तर १९४२ सालची, रसायनांच्या कामात देशभर नाव असलेली. अशा ठिकाणी शिकलात की तेल चाललं तर तेलात जाल, नाही चाललं तर खतात, औषधात, साखर कारखान्याच्या इथेनॉलमध्ये. काही सरकारी तेल-गॅस कंपन्या गेट परीक्षेच्या गुणांवर इंजिनियर घेतात आणि ओएनजीसीसारख्या कंपन्या दर वर्षी आयटीआय-डिप्लोमाची पोरं अप्रेंटिस म्हणूनही घेतात. एका वर्षाचं ते विद्यावेतन आपण तुच्छ मानतो. मानू नका, कारण त्या वर्षात सेफ्टीचं जे शिकतात ते पुढं जीव वाचवतं.

जिवावरून आठवलं. जोखीम लपवून ठेवणारा माणूस दलाल असतो, आणि मी दलाल नाही. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पुरात बुडाली होती, तुम्हाला आठवत असेल. समुद्रात एका मदत जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या हाताला जखम झाली. त्याला समुद्रातल्या तेल-गॅसच्या फलाटावर उतरवण्यासाठी जहाज जवळ आणलं, ते लाटांनी फलाटाच्या गॅसच्या उभ्या नळीवर आदळलं. गॅस सुटला, पेटला, आणि मुंबई हाय नॉर्थचा तो सगळा फलाट दोनेक तासांत समुद्रात गेला. २२ माणसं गेली. साडेतीनशेहून जास्त वाचली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ लोक होते, त्यातले ७० हून अधिक परत आले नाहीत. त्यात कंत्राटी कामगार होते, वेल्डर होते, फिटर होते. देशाच्या वेगवेगळ्या खेड्यांतली पोरं. म्हणून नोकरीवर जाणाऱ्याने पगाराआधी एक प्रश्न विचारावा: समुद्रात जगण्याचं प्रशिक्षण देणार का? गोव्यात बेतुलला ओएनजीसीची त्यासाठी संस्था आहे. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं हेही शिकवतात. ज्या ठेकेदाराला हा प्रश्न नको वाटतो, त्याचं काम तुम्हाला नको.

आता आखाताकडे. या सभागृहातल्या किती घरांतला माणूस आखातात आहे? हात वर करू नका, नजरा सांगतात. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथं पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. एअर इंडियाने अम्मानहून पाचशेच्या आसपास फेऱ्या करून त्यांना आणलं. किती जणांची आयुष्यभराची कमाई तिथल्या बँकेत अडकली, त्याचा हिशेब घरोघरी वेगळा आहे. पण ती लढाईची गोष्ट झाली. रोजची लढाई एजंटाशी असते.

नियम काय, ते लक्षात ठेवा. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला पाहिजे. त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघता येतो. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. जास्त नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते आणि त्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमा असतो; दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे त्याच्यावर सरकारची नजर कमी, त्याने स्वतःची नजर जास्त ठेवायची. आणि एजंट म्हणाला की 'भाऊ, आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो', तर उठून घरी यायचं. आमच्या भागात मी काय पाहतो? दोन लाख, तीन लाख दिले जातात. कुठून? वावर गहाण टाकून. पोरगा तिथं उतरतो तेव्हाच कर्जात असतो. मग पगार कमी मिळाला, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, काम वेगळंच निघालं, तरी तो परत येऊ शकत नाही. कौशल्य असलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो. गहाण वावर असलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही.

वावराचा विषय निघालाच आहे, म्हणून जाताजाता बारसूबद्दल. आपल्याच राज्यात मोठी रिफायनरी येणार होती; आधी नाणार, २०१९ च्या मार्चमध्ये ती अधिसूचना रद्द झाली; मग राजापूर तालुक्यातच बारसू, तिथं २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाला विरोध झाला. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, खाली आंबा-काजू आहे. इथं बसून कोकणच्या माणसाला 'जमीन दे' म्हणणं सोपं आहे. आपल्या जिल्ह्यात धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं ते आठवा, आणि मग बोला. मी तिथल्या लोकांना दोष देत नाही.

आता पैशाकडे. इथं मात्र माझा आवाज जरा चढणार आहे.

आपल्या जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडायचा, धान्यं ठेवायची, करंजी-पापड ठेवायचे, आणि पहाटे बघून पाऊस, पीक, देशाची तिजोरी याचं भाकीत करायचं. शहरातले लोक त्याला हसतात. हसा. पण मे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या बँकेने तेल दोनशे डॉलरपर्यंत जाऊ शकतं असं भाकीत केलं. जुलैत भाव १४७ ला पोचला, लोक म्हणाले बघा! आणि डिसेंबरात तो चाळीसच्याही खाली. भेंडवळवाल्यांनी निदान त्यासाठी कोट घातला नव्हता.

हसायचं सोडून आता एक हिशेब ऐका. २० एप्रिल २०२०, लॉकडाऊन. गाड्या बंद, विमानं बंद, तेल ठेवायला टाक्या नाहीत. आपल्या एमसीएक्स वायदा बाजाराची वेळ तेव्हा संध्याकाळी पाचपर्यंतच केलेली होती. पाच वाजता पिंपाचा भाव ९६५ रुपये होता. अनेकांनी विचार केला, याहून किती खाली जाणार, आणि घेऊन ठेवलं. एक सौदा शंभर पिंपांचा. रात्री आपण झोपलो असताना अमेरिकेत भाव शून्याच्या खाली गेला: उणे ३७.६३ डॉलर. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. आपल्याकडे सौदा मिटला उणे २,८८४ रुपयांनी. ९६५ ला घेतलेल्याचं पिंपामागे ३,८४९ रुपयांचं नुकसान, शंभर पिंपांवर ३,८४,९०० रुपये. एका सौद्यात. ज्याने आयुष्यात तेलाचं पिंप पाहिलं नाही त्याचे पावणेचार लाखांहून जास्त गेले, आणि ते सुद्धा बाजार बंद असताना. खामगावच्या कापूस बाजाराने वायद्याचे तडाखे पाहिलेले आहेत. जुन्या मंडळींना मी काय वेगळं सांगणार?

बरं, सट्टा सोडा. सरकारी कंपनीचा शेअर तरी? तोही बघू. मार्च २००४ मध्ये सरकारने ओएनजीसीचे शेअर साडेसातशेच्या भावाने विकायला काढले, काही मिनिटांत मागणी पूर्ण झाली. त्यानंतर २००६ मध्ये दोनाला एक बोनस, २०११ मध्ये एकाचे दोन तुकडे आणि वर एकाला एक बोनस, २०१६ मध्ये पुन्हा दोनाला एक. तेव्हाच्या एका शेअरचे नऊ झाले, म्हणजे एक पडला ८३ रुपयांना. वीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, भाव होता अडीचशेच्या जरा वर. तिप्पट. लाभांश वेगळा, आणि तो चांगला मिळाला. पण त्याच वीस वर्षांत सेन्सेक्स तेरापट झाला! असं का? भाव वाढला की २०१५ च्या सुमारापर्यंत डिझेल-गॅसच्या सबसिडीचा बोजा या कंपनीच्या डोक्यावर. २०२२ मध्ये भाव पुन्हा चढला की जादा नफ्यावर वेगळा कर, जो २०२४ च्या डिसेंबरात उठला. भाव पडला तर तोटा भागधारकाचा, भाव चढला तर फायदा सरकारचा. सरकारने हे चूक केलं असं मी म्हणत नाही. सिलिंडर स्वस्त मिळालं ते आपल्यालाच. पण ज्याला पोरीच्या लग्नासाठी पैसे वाढवायचेत त्याने सगळं तेलाच्या एका शेअरमध्ये ठेवू नये. थोडं ठेवायचं असेल तर म्युच्युअल फंडातून ठेवा, आणि विसरा.

आणि तिसरी गुंतवणूक, जी आपल्या भागात सगळ्यांत लाडकी: पेट्रोल पंप. रस्त्याकाठी वावर आहे, मग पंप टाकू! सरकारी कंपन्या जाहिरात काढतात, ऑनलाइन अर्ज घेतात, सोडत काढतात. मधल्या काळात खोट्या वेबसाइट निघतात, 'तुमच्या जागेची निवड झाली' असं पत्र येतं, त्यावर कंपनीचं चिन्हही असतं, आणि खाली कुणाच्या तरी खासगी खात्याचा नंबर. कंपनी खासगी खात्यात पैसे मागत नाही. कधीच नाही. पत्र घेऊन तडक कंपनीच्या कार्यालयात जा. आणि खरोखर पंप मिळाला तरी हिशेब दहा वर्षांचा नको, वीस वर्षांचा करा, कारण आज तुमच्या गल्लीतली इलेक्ट्रिक स्कूटर वीस वर्षांनी किती झालेली असेल याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि भेंडवळकडेही नाही.

मग तेल संपणार, म्हणून पोरांनी त्यात जाऊ नये का? तसं मी म्हणत नाही. पेट्रोल कमी झालं तरी प्लास्टिक राहील, खत राहील, विमान राहील. आणि पाइप राहील. पाइपात तेल वाहो, गॅस वाहो, उद्या हायड्रोजन वाहो, जोड कुणीतरी घालावाच लागेल. यासाठीच मघाशी सिक्सजीवर एवढा वेळ घालवला.

आणि हा पाइप आता लांब राहिलेला नाही. मुंबईहून नागपूरमार्गे झारसुगुड्याकडे जाणारी गेलची गॅसवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकली आहे, आणि समृद्धी आपल्या सिंदखेड राजा-मेहकर भागातून जातो. मोठ्या वाहिनीतून पुढे गावागावांत पिवळ्या प्लास्टिकच्या नळ्या निघतात. त्या विजेच्या उष्णतेने जोडतात, त्याचं प्रशिक्षण काही आठवड्यांचं असतं. गस्त घालणारे, मीटर बसवणारे, झडपा सांभाळणारे लागतात. ही कामं कुवेतच्या मानाने कमी पगाराची आहेत. पण संध्याकाळी घरी येता येतं, आणि तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला घेऊन मग आखातात गेलं तर एजंटाच्या पाया पडावं लागत नाही.

म्हणून अध्यक्षांना आणि इथं बसलेल्या लोकप्रतिनिधींना एक मागणी करतो. जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयत आर्गन वेल्डिंगची चार मशिनं, तिरप्या पाइपाचा सिक्सजी बूथ आणि शिकवायला साइटवर काम केलेला एक निवृत्त वेल्डर, एवढं मिळवून द्या. सभामंडपाच्या एका कमानीला जेवढा खर्च येतो त्याहून हे फार महाग पडणार नाही. निवृत्त वेल्डर शोधायचं काम माझ्याकडे द्या.

आता प्रश्न विचारा. पोरांनी आधी.